खंडेरावांच्या दारावरची पटकी

पौषाच्या थंडीत कांद्याच्या वाफ्यात उतरलं की आधी पाय आपले राहत नाहीत, मग बोटं. डाव्या हातात रोपाची मूठ धरायची, उजव्या अंगठ्यानं एकेक रोप चिखलात दाबायचं आणि वाकल्या कंबरेनं मागं मागं सरकायचं. दुपारपर्यंत अंगठ्याची कातडी सोलून निघते आणि कंबर कुणाची तरी उसनी आणल्यासारखी वाटायला लागते. खंडेरावांच्या मळ्यात सुला अशीच मागं सरकत होती आणि तोंडानं पुटपुटत होती. पटकी, कावीळ, नारू, गोवर. पुढचं अडलं. परत पहिल्यापासून. पटकी, गोवर, नारू. आता कावीळ कुठं गेली?

शेजारच्या ओळीतली धोंडाबाई हसून म्हणाली, "काय गं, रोपाला मंत्र घालती का?"

सुला नुसती हसली. बांधावर बाभळीच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधली होती आणि तिच्यात आठ महिन्यांची नलू झोपली होती. ती कधीही उठेल म्हणून सुलाचा एक कान तिकडं होता. पोर रडायच्या आधीच पान्हा फुटायचा, चोळी ओली व्हायची आणि गार वाऱ्यानं तिथंच थिजायची. मग डोक्यात गोळा केलेले आजार पुन्हा सांडायचे.

देवळाली कॅम्पात एका संस्थेनं बायकांसाठी आरोग्याचा वर्ग काढला होता. सातवी झालेली बाई हवी, ही अट. बौद्धवाड्यात सातवी झालेली एकटी सुलाच. गावात उपकेंद्र होणार होतं आणि वर्गाची परीक्षा पास होईल तिला तिथं मदतनिसाची जागा मिळणार होती. तिचा नवरा सावळीराम कॅम्पातल्या एका भटारखान्यात भांडी घासायला होता. रविवारी घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला राखेचा आणि शिळ्या तेलाचा वास असायचा. वर्गाची बातमी त्यानंच आणली होती. जागा मिळाली तर सुला वाफ्यातून उभी राहणार होती. नाही तर हाच चिखल, हाच अंगठा, आणि पुढं नलूचाही.

पण डोक्यात काही राहत नव्हतं. सहामाहीच्या तोंडी परीक्षेत तिनं धनुर्वाताची लक्षणं नारूला लावली. बाकीच्या बायका खुदूखुदू हसल्या. वर्ग सुटल्यावर शिकवणाऱ्या कलाबाईंनी तिला थांबवून घेतलं. कलाबाई नाशिकच्या, स्वभावानं मऊ. म्हणाल्या, घोकून आलेलं घाईत निसटतं, त्याला खुंटी लागते. तू राहतेस त्या आळीतून मनातल्या मनात चालत जा. प्रत्येक घरावर एक आजार टांग. दारावर नाव, ओट्यावर लक्षणं, आत चुलीपाशी उपाय. परीक्षेत विचारलं की त्या घरी जायचं आणि बघून सांगायचं.

सुलाला ते इतकं आवडलं की परतीच्या एस्टीत तिनं लगेच चालायला सुरुवात केली. पण बौद्धवाडा म्हणजे आळी नव्हती. ओढ्याच्या कडेला जागा मिळेल तशी बसलेली थोडी घरं. कुणाचं तोंड ओढ्याकडं, कुणाचं दुसऱ्याच्या पाठीकडं. एकीकडून निघावं तर मध्येच धोंडाबाईची शेळी आणि मग उकिरडा. आजार निम्मेसुद्धा झाले नाहीत आणि घरं संपली.

घरं होती ती वरल्या आळीत. मारुतीच्या पारापासून थेट एस्टीच्या रस्त्यापर्यंत समोरासमोर दोन सरळ रांगा. लग्न होऊन आल्यापासून सुला त्या आळीतून कितीदा तरी गेली होती, शेणाची पाटी घेऊन, कुणाच्या मयताचा सांगावा घेऊन. सासूनं, विठाबाईनं, पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पार आला की चपला हातात, पदर पुढं, नजर खाली. गावात कुणी आता तसं म्हणत नव्हतं, पण कुणी नको असंही म्हणत नव्हतं, म्हणून ते चालू होतं. सुलानं डोळे मिटून ती आळी आठवायला घेतली तेव्हा तिला धूळ दिसली, उंबऱ्यांचे दगड दिसले, गटारीवरची फरशी कुठं हलते ते दिसलं. वर काहीच दिसेना. त्या आळीची जमीन तिला पाठ होती, घरं नव्हती.

दुसऱ्या दिवशी मळ्यातून येताना बायका ओढ्याच्या वाटेनं वळल्या. सुला नलूला कडेवर घेऊन पाराकडं गेली. सवयीनं चपला काढून हातात घेतल्या आणि मान वर केली. दोन घरं झाली नाहीत तोच मान आपोआप खाली आली. पुन्हा वर केली, पुन्हा खाली. हातात चपला असल्या की डोळे पायांकडं जातात, हे तिच्या ध्यानात आलं. ती रस्त्याच्या मध्ये थांबली, चपला खाली टाकल्या, त्यात पाय घातले आणि चालू लागली. मग घरं दिसायला लागली.

पुंजाच्या घराला पिवडीचा, पिवळ्या मातीचा, हात दिलेला होता. तिथं कावीळ. नवसाबाईच्या ओट्यावर विहिरीचा सोल, लांबलचक दोर, खुंटीला गुंडाळून टांगलेला. पायातून निघणाऱ्या नारूला याहून चांगली जागा नव्हती. रंगनाथच्या दुकानाला शिडी लावलेली, बारा महिने तशीच. विषमज्वराचा ताप पायरी पायरीनं चढतो असं कलाबाईंनी सांगितलं होतं. गोरक्षच्या अंगणात गंजक्या फाळांचा ढीग, तिथं धनुर्वात. कुणाच्या भिंतीवर गेरूचे ठिपके होते, तिथं गोवर. आणि आळीच्या टोकाला खंडेरावांचं दुमजली घर. त्याला ताजा चुना लावलेला होता आणि पन्हाळीखालून भिंतीवर पांढऱ्या पाण्याचे ओघळ आले होते, अगदी तांदळाच्या पेजेसारखे. सुला तिथं जरा जास्तच थांबली. पटकीच्या जुलाबाचा रंग परीक्षेत हमखास विचारतात.

"काय हवंय गं?" खंडेरावांच्या सूनबाईनं दारातून विचारलं.

"काय नाय. पाठ करतेय," सुला म्हणाली आणि पुढं निघाली.

त्यानंतर ती रोज जायला लागली. आळी डोक्यात अशी बसली की वाफ्यात वाकलेली असताना ती एकीकडं रोप लावायची आणि एकीकडं दारोदार फिरायची. एक आजार इकडचा तिकडं होत नव्हता. अडचण एकच होती. उपाय टांगायचे होते आत, चुलीपाशी, आणि आत ती कधी गेली नव्हती. तिनं आतली घरं स्वतःच रचली. कुठं चूल उजवीकडं ठेवली, कुठं उतरंड. खंडेरावांकडं तांब्याचा मोठा हंडा ठेवला. फक्त आत शिरायची वेळ आली की मनातसुद्धा पाय अडखळायचा. ती उंबऱ्याबाहेरून वाकून बघायची आणि वळायची.

एक दिवस मळ्यात भाकरी खाताना धोंडाबाईनं फारच खोदून विचारलं, तेव्हा सुलानं सगळं सांगून टाकलं. बायका हसून हसून लोळल्या. रंगनाथच्या शिडीवर ताप चढतोय म्हटल्यावर एकीला ठसका लागला. धोंडाबाई म्हणाली, "आन् आपल्या मालकाला पटकी? बरं केलं." हसण्यात वरल्या आळीच्या दोघीही होत्या. त्या घरी जाऊन गप्प बसल्या नाहीत.

त्यातच खंडेरावांच्या नातवानं ओढ्याकाठची कच्ची बोरं पोटभर खाल्ली आणि त्याला जुलाब लागले. दोन दिवसांत पोरगं उठून खेळायलाही लागलं. पण तोवर आळीत सगळ्यांना सगळं आठवलं होतं. ती रोज येते. चपला घालून येते. दार न् दार निरखते, ओठ हलवते. कडेवर तान्हं पोर असतं. गोरक्षची म्हातारी म्हणाली, तिनं नावं घेऊन घेऊन आजार दारात ठेवलेत, ही करणी आहे. म्हातारीच्या उंबऱ्यावर त्या रात्री लिंबू-मिरची लागली.

सुलाला पारावर बोलावणं आलं. विठाबाई बरोबर गेली. आख्खी वाट ती पोटतिडकीनं सांगत होती की पाया पड, चुकले म्हण, मोकळी हो. पारावर वरल्या आळीचे जाणते बसले होते. खाली बौद्धवाड्यातले चार पुरुष माना घालून उभे. खंडेराव आवाज न चढवता बोलणारा माणूस. त्यानं दोन गोष्टी सांगितल्या. सुलानं प्रत्येक दारात जाऊन आजार काढला असं तोंडानं म्हणायचं, आणि पुन्हा आळीत पाय ठेवायचा नाही.

सुलानं वर्गाचं सांगितलं, खुंटीचं सांगितलं. रंगनाथला थोडं पटलं असावं, कारण तो हसू दाबत शिडीकडं बघत होता. पण म्हातारी मागून ओरडली की मग दुसऱ्यांची घरं कशाला, स्वतःच्या घरात टांगायचे होते. यावर सुला म्हणाली की स्वतःच्या घरातही टांगलाय. तिच्या झोपडीत क्षय होता. सासऱ्याच्या खोकल्यामुळं तो आधीच तिथं होता. विठाबाईनं पदर तोंडाला लावला.

खंडेराव म्हणाला, "माझ्या घरावर काय टांगायचं ते मी ठरवीन. घर माझं हाय."

नलू पदर ओढत होती. सुला म्हणाली, "घर तुमचं, आबा. आठवण माझी हाय. मी तुमच्या घरात नाय आले, तुम्हीच माझ्या डोक्यात आलाय. परीक्षा झाली की काढते. तवर पटकी तिथंच राहील."

मग खंडेराव उठला, धोतराची धूळ झटकली आणि बौद्धवाड्यातल्या पुरुषांकडं बघून म्हणाला की उद्यापासून त्यांच्या बायकांनी कुणाच्याच लागवडीला यायचं नाही.

लागवडीचे दिवस म्हणजे बौद्धवाड्याचे खायचे दिवस. सकाळी बायका सवयीनं उठल्या, भाकरी बांधल्या आणि ओढ्यापाशी नुसत्याच बसून राहिल्या. दुपारी सुला पाण्याला गेली तर तिला कुणी जागा दिली नाही. धोंडाबाईसुद्धा पाठ करून बसली. तिच्याच तोंडानं घात झाला हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून ती सगळ्यांत जास्त चिडलेली होती. विठाबाईनं घरात बोलणं टाकलं. भाकरी समोर सरकवायची आणि चुलीकडं तोंड करायची.

रविवारी सावळीराम आला. त्यानं सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ नलूला पायांवर झुलवलं. त्याचा सल्ला साधा होता. कॅम्पात बराकी आहेत, ओळीनं, हव्या तेवढ्या, तिथं टांग आणि गावाला सोड. सुलानं खरंच प्रयत्न केला. तो एकेक बराक सांगत गेला आणि ती डोळे मिटून चालत गेली. पण सगळी दारं एका रंगाची, सगळ्या खिडक्या एका मापाच्या. कावीळ ठेवलेलं दार कुठलं आणि गोवराचं कुठलं, काही कळेना. शेवटी ती हसायलाच लागली. तोही हसला. मग तिला एकदम रडू आलं. ती म्हणाली, मी सोडून देऊ का. सावळीराम नलूच्या तळपायाला तेल लावत होता. मान वर न करता म्हणाला, "मला विचारू नको. मी आजपण पारापाशी चपला काढूनच आलो."

रोपं मात्र कुणासाठी थांबत नाहीत. वाफ्यात खंडेरावांच्या घरच्या बायका उतरल्या, पण सवय नसलेल्या हातांनी लावलेलं रोप दुसऱ्या दिवशी आडवं व्हायचं. गादीवाफ्यातलं उरलेलं रोप जून व्हायला लागलं, शेंडे पिवळे पडले. शेजारच्या गावांतून बायका मिळेनात, तिथंही हीच घाई. तेव्हा एका सकाळी गोरक्ष ओढ्यापाशी आला. त्याच्या तोंडावर लाज होती आणि ती लपवायला तो मोठ्यानं बोलत होता. खंडेराव सगळ्यांना कामावर बोलावतोय. सुलानं आळीतून चालायला कुणाची ना नाही, चपलांचा विषयही कुणी काढणार नाही. फक्त एवढंच, की सुलानं त्याच्या दारावरची पटकी काढावी. मोठं घर आहे, चारचौघांत बरं दिसत नाही. दुसरं काही हलकं ठेवावं.

"हलकं म्हंजे?" धोंडाबाईनं विचारलं.

"म्हंजे सर्दी ठेवा," गोरक्ष म्हणाला. मग हळूच पुढं सरकला. "आन् आमच्याकडं काय हाय?"

"धनुर्वात."

"तो राहू द्या. तिथं खरंच फाळ हायेत."

बायकांना हसू आवरेना. इतक्या दिवसांनी वाड्यात हसू आलं होतं. सगळ्यांनी सुलाकडं पाहिलं. एवढं साधं. एक नाव काढायचं, दुसरं ठेवायचं. कुणाला कळणार होतं तिच्या डोक्यात काय आहे? नुसतं हो म्हटलं तरी भागणार होतं.

सुलानं मनात पटकी उचलून पाहिली. पांढरे ओघळ रिकामे झाले. पटकी हातात घेऊन ती आळीत उभी राहिली आणि ठेवायला कुठंच जागा नव्हती. सर्दी त्या दुमजली भिंतीवर चिकटत नव्हती, नुसती गळून पडत होती. आणि दुसरंही एक तिला कळलं. आज पटकी हलवली तर उद्या पुंजा येईल, परवा नवसाबाई. मग तिच्या डोक्यातसुद्धा कुणाच्या दारापाशी मान वर करायची आणि कुणाच्या दारापाशी खाली, हे पारावर ठरेल.

"नाय हलत," ती म्हणाली. "त्यांना सांगा, तुमच्या भिंतीवर हाय म्हणूनच माझ्या ध्यानात राहते. मी खोटं हो म्हणणार नाय."

गोरक्ष बायकांकडं वळला. म्हणाला, तुम्ही तरी सांगा हिला. नलूच्या नाकाचा शेंबूड विठाबाईनं पदरानं पुसला, तिला सुलाच्या कडेवरून स्वतःच्या कडेवर घेतलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं. "रोप जून होतंय तुमचं. लावायचं असंल तर आम्ही येतो. पटकीसकट येतो. नसंल लावायचं तर बांधावर टाका."

गोरक्ष गेला. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. उन्हं कलल्यावर खंडेरावांचा गडी आला आणि उद्या सकाळी या, एवढंच बोलून परत फिरला. दुसऱ्या दिवशी बायका वाफ्यात उतरल्या. खंडेराव बांधावर उभा होता. तो सुलाच्या ओळीकडं बघत नव्हता आणि ती त्याच्याकडं. वाकताना धोंडाबाईनं कुजबुजत विचारलं की क्षयाची लक्षणं कोणती, तिलाही जरा पाठ करायची आहेत. सुलानं सांगितली. हात चालू होते.

परीक्षेला सुला पहाटेच्या एस्टीनं कॅम्पात गेली. नलूला विठाबाईनं ठेवून घेतलं. लेखी झालं. तोंडीसाठी बायका व्हरांड्यात ओळीनं बसल्या होत्या. दूध साठून सुलाची छाती दगडासारखी झाली होती, हात वर केला तरी कळ येत होती. नाव पुकारल्यावर ती आत गेली. टेबलापलीकडं नाशिकहून आलेले डॉक्टर होते, चष्मा कपाळावर. शेजारी कलाबाई.

"पटकी," डॉक्टर म्हणाले. "कसं ओळखाल?"

सुलानं डोळे मिटले. पार आला. पिवडीचं घर गेलं, सोल गेला, शिडी गेली. आळीच्या टोकाला खंडेराव ओट्यावर आडवा पडला होता. तिनं बघून बघून सांगितलं. पेजेच्या पाण्यासारखे जुलाब. उलट्या. डोळे खोल गेलेले. चिमटीत धरलेली कातडी पुन्हा बसत नाही. लघवी बंद. हातपाय गार.

"ठीक. आता दवाखाना लांब आहे. गाडी यायला वेळ आहे. काय कराल?"

ते आत होतं. सुला उंबऱ्यापाशी आली आणि नेहमीसारखी थांबली. बाहेरून वाकली, पण बाहेरून हंडा नीट दिसत नव्हता. आतून काहीच येईना. व्हरांड्यात कुणीतरी खोकलं. डॉक्टरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कलाबाईंनी पेन खाली ठेवलं. ओट्यावर खंडेरावाचे ओठ सुकले होते आणि तो तिच्याकडं बघत होता.

सुलानं उंबऱ्यावर पाय ठेवला, चपलेसकट, आणि आत गेली.

माजघर ओलांडलं. चूल तिनं ठेवली होती तिथंच होती. ती बोलत गेली तसे हात मांडीवर हलत गेले. पाणी उकळायला ठेवलं. निववलं. चिमूटभर मीठ, मूठभर साखर. चाखून बघितलं, अश्रूंपेक्षा खारट नको. उरलेल्या पाण्यात दुसऱ्या कुणी हात घालायचा नाही. विहिरीत पावडर टाकायला पंचायतीत सांगावा. घरात अंगावर पिणारं पोर आजारी असलं तर आईनं पाजणं थांबवायचं नाही.

"आणि रोग्याला पाणी पाजणार कोण?" डॉक्टरांनी विचारलं. "घरचे घाबरून लांब उभे राहतात. मी पाहिलंय."

सुला ओट्यावर आली. तांब्या भरलेला होता. तिनं खाली बसून खंडेरावाचं डोकं मांडीवर घेतलं, जसं नलूचं घ्यायची तसंच, आणि तांब्या त्याच्या ओठांना लावला. तो क्षणभर तिच्या तोंडाकडं बघत राहिला. मग प्यायला लागला.

"मी," ती म्हणाली. "घोटाघोटानं. तो नको म्हणाला तरी."

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहीत होते. त्यांनी पुढचा आजार विचारला. सुलानं पदरानं खंडेरावाचं तोंड पुसलं, तांब्या उंबऱ्याच्या आत ठेवला आणि मान वर करून समोरच्या दाराकडं निघाली.